माळ्यावर काय आहे?

ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलीमीटर पाऊस पडतो, आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. एवढं पाणी डोक्यावर थांबू द्यायचं नसेल तर छप्पर उतरतं करावं लागतं. छप्पर उतरतं झालं की आढ्याखाली एक तिकोनी पोकळी आपसूक तयार होते. तिच्या तळाशी कड्या टाकून फळ्या ठोकल्या की झाला माळा. म्हणजे ही काही कुणी मुद्दाम मागून घेतलेली खोली नाही, पावसाशी केलेल्या तडजोडीत ती फुकट पदरात पडली आहे. देशावर पाऊस कमी, तिथे मातीचं सपाट माळवद चालतं. त्या घरांना वाळवण घालायला उघडी गच्ची मिळते, पण आपल्यासारखा माळा मिळत नाही.

कल्याणात पारनाका, टिळक चौक, ठाण्यात चरई, टेंभी नाका या भागांत टॉवरांच्या मधे जी मोजकी कौलारू घरं अजून तग धरून आहेत, त्यांच्यात हा मूळचा माळा पाहायला मिळतो. आधी त्यावर नळीची देशी कौलं असत. बासेल मिशनने १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढच्या काही दशकांत खाचा असलेली, एकमेकांत अडकणारी मंगलोरी कौलं सगळ्या किनारपट्टीवर पोचली. कौल कुठलंही असो, एक गोष्ट सारखी: दोन कौलांच्या सांध्यात बारीक फट राहतेच. ही फट म्हणजे सुताराची चूक नव्हे, माळ्याचा सगळा कारभार तिच्यावरच चालतो.

कौल उन्हाने तापतं, त्याखालची हवा तापते, तापलेली हवा हलकी होऊन वर जाते आणि त्या फटींतून निसटते. तिच्या जागी खालच्या झरोक्यातून दुसरी हवा येते. दिवसभर हा प्रवाह चालू राहतो, आणि माळ्याच्या फळ्यांखाली बसलेल्या माणसापर्यंत उन्हाचा फार थोडा भाग पोचतो. कौल पातळ असल्यामुळे सूर्य मावळला की तासाभरात निवतं. काँक्रीटचा स्लॅब उलट वागतो. तो दिवसभर उष्णता साठवतो आणि रात्री ती खोलीत सोडत बसतो. डोंबिवलीत शेवटच्या मजल्यावर राहणाऱ्यांना हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. मे महिन्यात रात्री दहा वाजता पंखा लावला की अंगावर गरम हवाच येते.

या कोरड्या, खेळत्या हवेच्या जागेत काय ठेवायचं हेही ठरलेलं असे. वर्षाचं भात, कांदे, नारळ, आमसुलं, पावसाआधी भरून ठेवलेली लाकडं आणि गोवऱ्या. वैशाखात पेंढ्यात घातलेली आंब्याची अढी, जिचा वास खाली माजघरापर्यंत उतरत असे. चुलीचा धूर फळ्यांच्या फटींतून वर जाई, लाकडावर काजळी धरे आणि किडे कमी लागत. दर वर्षी पाऊस सुरू होण्याआधी घर शाकारायला माणूस येई, फुटकी कौलं बदली, सरकलेली नीट बसवी. त्या निमित्ताने माळा वर्षातून एकदा उन्हात उघडा पडे. मला वाटतं, जुन्या माळ्याच्या आयुष्याचं रहस्य सागवानापेक्षा या वार्षिक उघडण्यात जास्त होतं. आज शाकारणी करणारा माणूस मिळत नाही, मग कौलांवर निळी ताडपत्री अंथरली जाते. पाणी अडतं खरं, पण वाफही आतच अडते, आणि दोन-चार पावसाळ्यांत वासे कुजायला लागतात. ताडपत्री टाकायचीच असेल तर दिवाळीनंतर ती आठवणीने काढून टाकावी.

माळ्याच्या निगेबद्दल माहिती शोधायला गेलं की बहुतेक सल्ला थंड देशांतला हाती लागतो. छपराखाली जाड उष्णतारोधक थर घाला, फटी बुजवा, घरातली हवा वर जाऊ देऊ नका. तिथे हे बरोबर आहे. बाहेर बर्फ, आत शेगडी, घरातली उबदार दमट हवा वर जाऊन गार छपराला लागली की तिचं पाणी होतं आणि लाकूड सडतं. आपल्याकडे ओल बाहेरून येते आणि उष्णता वरून. जुलै-ऑगस्टमध्ये इथली हवाच ८० टक्क्यांहून अधिक दमट असते. अशा हवेत फटी बुजवून बसलो तर बुरशीला आमंत्रणच. या प्रकरणातले पुढचे बहुतेक सगळे त्रास याच एका गोष्टीपाशी येऊन थांबतात: हवा कुठून येते आणि कुठून जाते.

माळ्यावर धान्याबरोबर आणखी एक गोष्ट जाई, ती म्हणजे कागद. कारकुनी केलेल्या, वतन असलेल्या घरांत मोडीतली दप्तरं रुमालात बांधून पेटीत आणि पेटी माळ्यावर. वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली काढला आणि पुढे हयातभर गावोगावी घरं धुंडाळत ते अशा दप्तरांच्या मागे फिरले. त्यांच्या आधी कितीतरी ठिकाणी वाळवी आणि उंदीर पोचलेले होते. ठाण्यात याच काळात विनायक लक्ष्मण भावे जुन्या काव्याची बाडं गोळा करत होते. मिठागरांचा व्यवसाय सांभाळून त्यांनी ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहिला. १८९३ साली ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय उभं राहिलं तेही त्यांच्याच पुढाकाराने. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय त्याहून जुनं, १८६४ सालचं. या दोन शहरांत आजही एखादं जुनं घर पाडायला निघतं तेव्हा माळ्यावरून एखादी पत्र्याची पेटी खाली येते. ती भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढण्याआधी मोडी वाचणाऱ्या कुणाला तरी दाखवावी. त्यात बहुतेक वेळा किराण्याचे हिशेबच निघतात. पण दीडशे वर्षांपूर्वीच्या कल्याणात तांदळाचा भाव काय होता, हे त्या हिशेबांखेरीज दुसरीकडे सहसा सापडत नाही.

आता पोटमाळ्याकडे वळू. हा वेगळा प्राणी. रेल्वे १८५३ मध्ये ठाण्याला आणि १८५४ मध्ये कल्याणला आली. पुढे गिरण्या, कारखाने, कचेऱ्या यांच्यामागे माणसं येत राहिली आणि चाळी उभ्या राहिल्या. खोली दहा बाय बारा, पण उंची बारा-तेरा फूट. ती वरची रिकामी उंची चाळकऱ्याच्या डोळ्यांत सलते. मग लोखंडी अँगल ठोकायचे, त्यावर फळ्या किंवा प्लायवुड टाकायचं, भिंतीला शिडी लावायची, आणि एका खोलीच्या दीड खोल्या करायच्या. वागळे इस्टेटच्या मागच्या चाळींत, कल्याण पूर्वेला, डोंबिवलीच्या जुन्या बैठ्या चाळींत असे पोटमाळे आजही हजारोंनी आहेत. दहावीचा अभ्यास तिथे होतो. गावाहून नोकरीसाठी आलेला पुतण्या तिथे झोपतो. आणि घरात लग्न झालं की नव्या जोडप्याला तो पोटमाळा दिला जातो, खाली सासू-सासरे खोकल्याचा आवाज जरा जास्तच करून झोपतात. ही सोय कुणी कुणाला बोलून दाखवत नाही, पण चाळीतल्या कित्येक संसारांची सुरुवात शिडीच्या वरच्या टोकाला झालेली आहे.

नियमांच्या दृष्टीने मात्र माळा ही राहायची जागाच नाही. मुंबई वगळता राज्यातल्या बहुतेक शहरांना २०२० पासून जी एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली, तिच्यानुसार माळा हा सामान ठेवण्यासाठी दोन मजल्यांच्या मधे किंवा उतरत्या छपराखाली केलेला भाग, आणि त्याची उंची जास्तीत जास्त दीड मीटर. दीड मीटर म्हणजे पाच फुटांच्याही आत. प्रौढ माणूस ताठ उभा राहू नये इतकीच ती ठेवलेली आहे. उंची वाढली की ती जागा चटईक्षेत्रात मोजायची पाळी येते. चाळकऱ्याच्या लेखी हा नियम म्हणजे साहेबी चैन, आणि त्याची अडचण खरी आहे. पण त्या दीड मीटरमागे दोन कारणं आहेत जी पोटमाळ्यावर झोपणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक हवीत.

पहिलं कारण उष्णतेचं. पोटमाळ्यावर झोपलेल्या माणसाच्या नाकापासून पत्रा दोन-तीन हातांवर असतो, आणि खोलीतली सगळी तापलेली हवा तिथेच जमते. भिंतीत अगदी वरच्या बाजूला, पत्र्याच्या लगत एक हवेचं भोक पाडलं तरी फरक पडतो. पंखा लावून ती हवा नुसती ढवळली जाते. दुसरं कारण आगीचं. आग लागली की धूर आधी वर जातो आणि छताखालून थरावर थर खाली उतरतो. खालच्या माणसाला जेव्हा नुसता वास येत असतो, तेव्हा पोटमाळ्यावरच्याचा श्वास कोंडायला लागलेला असतो, आणि त्याच्या उतरायच्या शिडीखाली बहुधा गॅसची शेगडी असते. म्हणून शिडी स्वयंपाकाच्या ओट्यापासून लांब, दाराच्या बाजूला हवी. झोपायच्या पोटमाळ्याला बाहेर पडता येईल एवढी एक खिडकी हवीच. यासाठी सुताराला जे काही पैसे जास्त द्यावे लागतील ते द्यावेत.

हाच पोटमाळा २६ जुलै २००५ ला कितीकांच्या उपयोगी पडला. त्या दिवशी आणि त्या रात्री उल्हास आणि वालधुनीच्या काठच्या वस्त्यांत पाणी घराघरांत शिरलं. कागदपत्रं, गॅस सिलिंडर, तांदळाचा डबा, म्हातारी माणसं, जे जे उचलता आलं ते वर गेलं. सखल भागातली शहाणी कुटुंबं तेव्हापासून रेशनकार्ड आणि घराचे कागद माळ्यावरच, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवतात. पाणी आणखी चढलं तर वरून बाहेर पडायची वाट आहे का, हे मात्र कोरड्या दिवसांतच पाहून ठेवलेलं बरं.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत चाळींच्या जागी तीन-चार मजली सोसायट्या आल्या. आता डोक्यावर दुसऱ्याचं घर, छपराची पोकळी गेली. तरी मराठी गृहिणीला माळा हवाच होता आणि बिल्डरला ते ठाऊक होतं. म्हणून स्वयंपाकघरात, पॅसेजमध्ये, न्हाणीघराच्या वर काँक्रीटचे माळे घातले गेले. त्यांना दारं लावली, दारांना सनमायका. आणि इथे माळ्याचा स्वभाव पालटला. जुन्या माळ्यावरून हवा जात असे, हा मात्र तीन बाजूंनी भिंत, वर स्लॅब आणि पुढून बंद दार असलेला कोनाडा झाला. त्यात गेलेली वस्तू हवेलाही दिसत नाही आणि माणसालाही.

काय काय असतं तिथे? लग्नातल्या तांब्या-पितळेच्या कळशा, ज्यांना कल्हई लावणारा आता वर्षातून एकदाही दारावर येत नाही. रुखवतातलं शिंपल्यांचं गलबत. पाटा-वरवंटा. एकेका वर्षाचे दिवाळी अंक सुतळीने बांधलेले. मुलाची सायकल शिकतानाची दोन छोटी चाकं. २०१८ ला राज्यात थर्माकोलवर बंदी आली, तरी त्याआधीची मखरं ‘पुढेमागे लागेल’ म्हणून अजून वर पडून आहेत. आणि एक हार्मोनियम. डोंबिवलीत हार्मोनियम नसलेला माळा सापडणं कठीण आहे, असा माझा पक्का समज आहे.

या सामानाचा प्रश्न भावनेचा कमी आणि वजनाचा जास्त आहे. फ्लॅटमधल्या माळ्याचा स्लॅब साधारण तीन-चार इंचांचा असतो. पुष्कळदा तो एकाच बाजूने भिंतीत धरलेला आणि पुढे मोकळा असतो. अशा स्लॅबमध्ये सळई वरच्या अंगाला असावी लागते, कारण ओढ वरच्या पृष्ठभागावर बसते. पण काँक्रीट ओतताना मजूर त्याच जाळीवर पाय देऊन उभे राहतात आणि सळया खाली दबतात. बाहेरून काहीच कळत नाही. वीस वर्षांनी माळा जिथे भिंतीला मिळतो तिथे, वरच्या बाजूला, एक सरळ चीर दिसते. ही चीर रंगाने झाकायची नसते. सामान त्याच दिवशी खाली घ्यायचं आणि इंजिनीअरला बोलवायचं.

सगळ्यात जड सामान म्हणजे पाणी. ठरावीक वेळीच पाणी येणाऱ्या इमारतींत न्हाणीघरावरच्या माळ्यावर टाकी बसवायची पद्धत पडली. प्लास्टिकच्या टाक्या आल्यावर ती घरोघर गेली. पाचशे लिटरची टाकी म्हणजे पाचशे किलो, म्हणजे आठ माणसं कायमची माळ्यावर बसलेली. मूळ आराखड्यात टाकी धरलेली असेल तर ठीक. पण पुष्कळ घरांत दोनशे लिटरची काढून पाचशेची बसवली गेली, तेव्हा कुणी कुणाला विचारलं नाही. त्यात बॉलकॉक अडकला की टाकी वाहते, पाणी माळ्याच्या काँक्रीटमध्ये मुरतं आणि आतली सळई गंजते. गंजलेलं लोखंड मूळच्या दोन ते सहापट जागा मागतं. ते फुगतं आणि काँक्रीटचा पापुद्रा ढकलून देतं. न्हाणीघराच्या छतावर तपकिरी डाग, मग फुगवटा, मग एके सकाळी बादलीत पडलेला तुकडा, असा हा क्रम असतो.

इमारत जुनी असेल तर हे घरापुरतं राहत नाही. २० मे २०२५ ला कल्याण पूर्वेच्या सप्तशृंगी इमारतीत चौथ्या मजल्यावर लाद्यांचं काम चालू असताना स्लॅब कोसळला, खालच्या मजल्यांवर आदळत गेला आणि सहा जण दगावले. तिथे माळ्याचा संबंध नव्हता. पण थकलेल्या स्लॅबवर नवं वजन आणि नवे घाव पडले की काय होतं, ते त्या दिवशी दिसलं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५ अ प्रमाणे तीस वर्षांवरच्या इमारतींना संरचना परीक्षण करून घ्यावं लागतं. परीक्षणाला आलेला इंजिनीअर खांब, तुळया, गच्ची पाहतो. माळ्याचं दार उघडून दाखवायचं काम रहिवाशाचं, आणि आतला पसारा दिसेल म्हणून नेमकं तेच टाळलं जातं. टाकी माळ्यावर आहे, तिची क्षमता इतकी आहे, हे त्याला आपणहून सांगावं. नंतर अँगल ठोकून आणि कडाप्पा टाकून केलेले माळेही दाखवावेत. ते बहुधा चार इंची विटेच्या आडभिंतीत अडकवलेले असतात आणि ती भिंत वजन पेलण्यासाठी बांधलेलीच नसते.

टाकीचं आणखी एक दुखणं डासांचं. डेंग्यूचा एडिस डास गटारात नव्हे, स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. टाकीच्या कडेला चिकटलेली अंडी कोरड्यातही काही महिने तग धरतात. म्हणून नुसतं पाणी बदलून भागत नाही, आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून आतली कड घासावी लागते. पावसाळ्यात पालिकेचे आरोग्य कर्मचारी दारावर येऊन टाक्या तपासतात तेव्हा ‘आमची वरची टाकी बंद असते’ हे उत्तर त्यांना रोज ऐकावं लागतं. झाकणाला पडलेली पाइपाएवढी फट डासाला भरपूर होते.

बाकीच्या पाहुण्यांबद्दल थोडक्यात. वाळवीचं मूळ घर जमिनीत, ती मातीच्या बारीक नळ्या करत पाइपांच्या डक्टमधून आणि चौकटींतून वर येते. माळ्यावर औषध मारून ती हटत नाही, नळी कुठून येते ते शोधावं लागतं. कसर पुस्तकाच्या पुठ्ठ्यातली खळ खाते. तिच्यासाठी डांबरगोळ्या उघड्या माळ्यावर फेकून उपयोग नाही, त्यांची वाफ बंद डब्यातच साठते. वेखंडाचा तुकडा आणि कोरडा कपडा हा आजीचा उपाय पुस्तकांना बरा. उंदीर वायरचं प्लास्टिक कुरतडतात, आणि त्यांच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो. तेव्हा माळा झाडताना हातमोजे घालावेत. कबुतरांची विष्ठा कोरडी झाडू नये, तिची धूळ फुप्फुसाला बाधते. आधी पाणी शिंपडावं, नाकावर फडकं बांधावं.

माळा कधी काढायचा याचं उत्तर आपल्या पंचांगात बसवलेलं आहे. दसऱ्याआधीची झाडलोट येते तेव्हा पाऊस ओसरलेला असतो, ऑक्टोबरचं ऊन तापू लागलेलं असतं, आणि चार महिन्यांची ओल बाहेर काढायला याहून चांगला मुहूर्त नाही. पण फ्लॅटमधला माळा आता दसऱ्याला उघडत नाही, गणपतीला उघडतो. मखर आणि दिव्यांच्या माळा काढण्यासाठी, ऐन भाद्रपदात. दमट हवा आत जाते, दहा दिवसांनी दमट सामान परत आत जातं, दार बंद. पुढच्या वर्षी चामड्याची बॅग हिरवी झालेली सापडते आणि तबल्याची पुडी सुटलेली. त्यापेक्षा गणपतीचं सामान घरातच कुठेतरी महिनाभर राहू द्यावं आणि दसऱ्याचं ऊन दाखवून मग वर ठेवावं. माळ्याच्या दाराला वर-खाली दोन जाळ्या बसवल्या तर निम्मं काम झालंच. एके काळी जुने कपडे देऊन बोहारणीकडून स्टीलची पातेली घेण्याच्या निमित्ताने तरी माळा उपसला जाई. ती पातेली पुन्हा माळ्यावरच जात, ही गोष्ट वेगळी.

गेल्या काही वर्षांत मात्र या शहरांत एक नवाच माळा उगवला आहे, तोही सामुदायिक. गळणारी गच्ची दुरुस्त करून थकलेल्या सोसायट्यांनी पालिकेची परवानगी काढून वर लोखंडी सांगाड्यावर पत्रा टाकला. रेल्वेतून ठाण्याहून कल्याणकडे जाताना रुळांच्या दोन्ही बाजूंनी हे निळे, हिरवे, लाल पत्रे दिसतात. शंभर वर्षांपूर्वी कौलांनी जे केलं तेच ते करतात: पाऊस बाजूला सारतात आणि चारी बाजू मोकळ्या असल्यामुळे स्लॅबवर वारा खेळता ठेवतात. शेवटच्या मजल्यावरच्याला रात्री झोप लागते. तिथे पापड वाळतात, कोजागरी होते, वाढदिवस होतात. आणि एका कोपऱ्यात कुणाचं तरी कपाट, कुणाची तरी मोडकी खुर्ची येऊन बसायला लागते. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत सचिव दर वर्षी ते हलवण्याची नोटीस वाचून दाखवतात. खुर्ची कुणाची, हे त्या सभेत कुणालाच आठवत नाही.